पाठमोरी शेवंती

"राजमती चौगुले इथंच राहतात का?"

दार मी उघडलं होतं, आणि पत्ता चुकलाय असं समजून लावूनही घेणार होते. आमच्या घरात राजमती होती, पण ती मगदूम. चौगुले हे आईचं माहेरचं आडनाव. जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत त्या नावानं तिला विचारत येणारं कुणी उरलं नव्हतं. दारातले गृहस्थ सत्तरीला टेकलेले, उंच, खादीचा झब्बा घातलेले. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली मोठी चौकोनी वस्तू. मला वाटलं, आरसे विकणारा असेल. सुट्टीत माहेरी आलं की दुपारची झोप मोडायला असं कुणीतरी येतंच.

"आपण कोण?"

"तेंडोलकर. जयराम तेंडोलकर. त्यांना सांगा, सर आलेत."

मी दार लावायची थांबले. जयराम तेंडोलकर हे नाव पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असायचं. मुंबईचे मोठे चित्रकार. जन्मभर त्यांनी काळी-करडी चित्रं काढली आणि ती देशोदेशी टांगली गेली. मीही एकदा त्यांचं प्रदर्शन पाहिलं होतं, म्हणजे मुंबईच्या उन्हातून जरा पंखा मिळेल म्हणून आत शिरले होते. भिंतीएवढ्या एका चित्रापुढे उभं राहून ‘काळ्यावर काळं’ यापलीकडे माझ्या मनात काही आलं नव्हतं. मी गणित शिकवायची. उत्तर सापडलं नाही तर गणितच चुकीचं छापलंय असं मला आधी वाटतं. अलीकडे मात्र ते फुलं काढू लागल्याचं वाचलं होतं. म्हातारपणी माणसं देवाच्या नादी लागतात, हे फुलांच्या लागले, अशी कुणीतरी थट्टाही केली होती.

असा माणूस आमच्या दारात कशाला येईल? मी मागच्या दारी गेले. आई मिरच्यांची देठं काढत बसली होती.

"आई, कुणी तेंडोलकर सर आलेत. तुला विचारतायत."

तिचा हात थांबला. मग हातातली मिरची निवडून तिनं सुपात टाकली, उठली, आणि मोरीत साबण लावून हात धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले.

"बसवलंस काय त्यांना?" शेजारच्या काकू आल्या असाव्यात अशा आवाजात तिनं विचारलं.

आमच्याकडे वडीलधारं कुणी आलं की आई आधी वाकून नमस्कार करायची, मग बोलायची. त्या दिवशी ती चौकटीला धरून नुसती उभी राहिली.

"बसा की सर. उभं का राहिलासा?"

"ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं."

तेंडोलकर बसले नाहीत. त्यांनी चादर सोडली आणि आतलं चित्र कॉटवर भिंतीला टेकवून ठेवलं. पितळी गडूत पिवळ्या शेवंतीचा गच्च गुच्छ, मागं निशिगंधाच्या काड्या, खाली निळसर टेबल. मला आवडलं. खरं म्हणजे हायसं वाटलं. निदान काय काढलंय ते तरी कळत होतं.

"वर्ष होत आलं, हे पुरं होत नाहीये," ते म्हणाले. "काहीतरी चुकतंय आणि मला ते सापडत नाही. म्हणून तुमच्याकडे करेक्शनला आलोय."

चित्रकला शिकवणाऱ्या शाळांमध्ये एक पद्धत असते, ती मला नंतर कळली. शिक्षक विद्यार्थ्याच्या स्टुलावर बसतात, त्याच्याच हातातला ब्रश घेतात आणि त्याच्याच चित्रावर हात फिरवून दाखवतात. त्याला म्हणायचं करेक्शन. सरांचा हात चित्राला लागला की पोरं दिवसभर मिरवतात. त्या वेळी मला एवढंच समजलं, की एवढा मोठा माणूस माझ्या आईकडून काहीतरी दुरुस्त करून मागतोय. आणि ती तर रांगोळीसुद्धा ठिपके मोजून, पुस्तकात बघून काढायची.

आई हसली. "मी? मला मिरच्या निवडायच्या हायत, सर."

"राजमती, मी थट्टा करत नाहीये."

"मग मी तरी कुठं करालोय?"

आमच्या भागात बायकाही ‘करतो, येतो, जातो’च म्हणतात. शहरात राहून मी ते सोडलं होतं. आईनं सोडायचं काही कारण नव्हतं. पण बोलताना तिची नजर चित्रावर होती. ती पुढं गेली, मागं सरली, एक डोळा मिटून बघू लागली. एक डोळा मिटलेली आई मी फक्त सुई ओवताना पाहिली होती.

"सगळी फुलं आमच्याकडंच बघालीत," ती म्हणाली. "ग्रूप फोटोला बसल्यागत. एवढ्या फुलांत एक तरी पाठमोरं नको? फुलाला मागची बाजूपण असती. तुम्हीच सांगत होतासा की वर्गात."

आता मात्र तेंडोलकर खुर्चीत बसले.

"मी आधी सांगत नव्हतो," ते म्हणाले. "तुम्ही काढलं होतंत तसं एक फूल. ते बघून मी सांगायला लागलो. पुढं नोकरी सुटेपर्यंत प्रत्येक वर्गाला सांगितलं. माझंच असल्यासारखं."

"आई, तुला चित्रातलं काय कळतं?" न राहवून मी विचारलं.

तेंडोलकरांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं. "यांना माहीत नाही?"

"कुणालाच न्हाई. त्यात काय सांगायचं?" आई म्हणाली. "तू चहा टाक, त्रिशला."

"चहा नको. त्यांना बसू द्या. मला कुणासमोर तरी बोलायचंय, नाहीतर मी परत नुसताच जाईन."

मी बसले.

तेंडोलकर बोलत होते ते फार सरळ, आडपडदा न ठेवता. कोल्हापूरच्या ज्या कलाशाळेत ते तरुणपणी शिकवायला लागले, तिथं इचलकरंजीहून राजमती चौगुले नावाची मुलगी यायची. वर्गात मुली अशा दोघी-तिघीच. वार्षिक प्रदर्शनासाठी तिनं पितळी गडूतली शेवंती रंगवली. तेंडोलकर करेक्शनला तिच्या स्टुलावर बसले तेव्हा त्यांना करण्यासारखं काही सापडेना. पण शिक्षक बसला आणि नुसताच उठला तर बरं दिसत नाही, म्हणून गडूच्या काठावर त्यांनी पांढऱ्याचा एक ठिपका ठेवला. एवढाच त्यांचा हात त्या चित्राला लागला.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. आणि लगेच कुजबुज सुरू झाली, की चौगुलेबाईंचं चित्र सरांनीच काढून दिलंय. गावाकडची पोरगी, दुसऱ्या वर्षाला आहे, हिला असं कसं येईल? शिवाय सरांना तिच्या स्टुलावर बसलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मला कुणी थेट विचारलं नाही," तेंडोलकर म्हणाले. "विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. पण खरं ते नाही. खरं म्हणजे मला ते आवडलं होतं. इतकं चांगलं चित्र, आणि लोक ते माझं समजत होते."

खोलीत मिरच्यांचा तिखट वास भरला होता. त्यांना ठसका लागला. आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला आणि पुढचं तिनंच सांगितलं.

"प्राचार्यांनी तुझ्या आजोबांना, अप्पांना, बोलावून घेतलं. अप्पा, प्राचार्य आणि सर, तिघं खुर्च्या टाकून बसले. मला म्हणाले, काढ बाई आमच्यासमोर, म्हणजे मिटलं. तसाच गडू, तशीच फुलं मांडली होती."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जमलं न्हाई."

"हात कापला?"

"हात कशाला कापंल? मला काढता आलं असतं," आई म्हणाली. "पण मी फुलांच्याकडं बघतच न्हवतो. सर आता काय बोलत्यात, मग काय बोलत्यात, म्हणून सरांच्याकडंच बघत बसलो."

तेंडोलकरांनी मान खाली घातली. ज्या माणसापुढं मंत्री उभे राहतात असं मी ऐकलं होतं, तो आमच्या खुर्चीच्या कडेला शाळेतल्या पोरासारखा बसला होता. मला त्यांची दया येत नव्हती. मला आईचाच राग येत होता. एवढं सगळं पोटात ठेवून ही बाई माझ्या वेण्या घालत आली, डबे भरत आली! चौथीत असताना एकदा माझ्या वहीतल्या आंब्याला तिनं पेन्सिलीनं सावली दिली होती. शाळेत बाई म्हणाल्या, हे घरून काढून आणलंस. मी रडत घरी येऊन ते सांगितलं. त्यानंतर आईनं माझ्या वहीला कधी हात लावला नाही, आणि माझी चित्रकला यथातथाच राहिली म्हणून मी तिलाच बोल लावत आले.

"बक्षीस परत घेतलं," आई सांगत होती. "अप्पांनी त्याच गाडीनं घरी आणलं. वैशाखात लग्न. तुझ्या बाबांच्या घरी कॉलेजचं नाव काढायचं न्हाई, असं अप्पांनी बजावलं होतं. बाबा गेले, त्यांनापण ठाऊक न्हवतं."

"मी माफी मागायला आलोय," तेंडोलकर म्हणाले.

"ती अप्पांच्यापाशी मागायला पाहिजे होती, सर. माझ्या पोरीनं खोटं बक्षीस आणलं, म्हणत गेले ते. शेवटच्या दुखण्यातपण म्हणाले. तेव्हा आला असतासा तर लई बरं झालं असतं."

तेंडोलकर आता उठतील, चित्र गुंडाळतील आणि जातील असं मला वाटलं. पण आई पुन्हा चित्रासमोर जाऊन उभी राहिली होती.

"रंग आणल्यात?" तिनं विचारलं.

"आणलेत."

"आणा मग. माझं भांडण काय चित्रासंगं न्हाई."

बाहेर थांबलेल्या टॅक्सीतून रंगांची पेटी आली. आईनं पदर खोचला, बाबांचं जुनं स्टूल ओढलं आणि बसली. पहिल्यांदा ब्रश तिनं कोरडाच हातात फिरवून पाहिला. मग पिवळ्यात थोडा तपकिरी कालवला, थोडा हिरवा, आणि गुच्छाच्या उजव्या अंगाला लावून टाकला. मी म्हणाले, "अगं, चांगलं फूल बुजवलंस!" तिनं ऐकलंसुद्धा नाही. तेंडोलकर मला हातानंच गप्प राहा म्हणाले.

हळूहळू तिथं एक शेवंती उमटली, आमच्याकडे पाठ केलेली. देठ, देठाशी हिरवी वाटी, आणि वाटीच्या पलीकडे उलगडलेल्या पाकळ्यांची नुसती टोकं. मग तिनं आणखी एक फूल वळवलं, अर्धवट. एक गडूच्या काठावरून खाली वाकवलं. एवढंच केलं, पण गडूत एकदम पाणी भरल्यासारखं झालं. सगळी फुलं आपापल्या वजनानं बसली. मला चित्रातलं कळत नाही, पण तेवढं मलाही दिसलं. ती मन लावून काढत होती आणि मधूनच, ‘हां’, ‘बस’, असं स्वतःशीच पुटपुटत होती. तेंडोलकर तिच्यामागं उभे होते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती ते पुसतही नव्हते.

दिवे लागायच्या सुमाराला तिनं ब्रश धुतला. "बास झालं."

"खाली सही करा," तेंडोलकर म्हणाले.

"तुमच्या चित्रावर माझी सही कशाला?"

"मग मी सांगीन. प्रदर्शनात, सगळ्यांसमोर. हेही आणि ते जुनंही. मुंबईत नाही, कोल्हापुरातच सांगीन, जिथं गप्प बसलो तिथंच. तुम्ही याल?"

आई ब्रश पुसत राहिली. तिला नको असेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "येतो."

टॅक्सी गेल्यावर ती मिरच्यांकडे वळली, आणि सूप मांडीवर घेऊन नुसतीच बसली. "खरंच सांगतील काय गं?" तिनं विचारलं. आणि मग मला कळलं, की आईला किती हवं होतं ते. माफी नको होती तिला. ते चित्र तिचं होतं, एवढं एकदा कुणीतरी चारचौघांत म्हणायला हवं होतं.

त्यानंतर प्रदर्शनाचा दिवस येईपर्यंत तिनं तो विषय रोज या ना त्या वाटेनं काढला. इरकल इस्त्रीला दिली. इचलकरंजीला फोन लावून पारिसमामाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, यायलाच पाहिजे म्हणून बजावलं. मामाला चित्रांशी काय देणंघेणं? त्याचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं. पण आई मला म्हणाली, "अप्पा न्हाईत, तर त्या घरातलं कुणीतरी ऐकू दे."

कोल्हापुरातल्या त्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. तेंडोलकरांचं प्रदर्शन मुंबई-दिल्ली सोडून आधी आपल्या गावात, याचं लोकांना अप्रूप होतं. त्यांचे जुने विद्यार्थी, आता तेही पिकलेले, कलाशाळेची आत्ताची मंडळी, पेपरवाले. उद्घाटनानंतर सरांचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी मधोमध चित्र टेकवायचा लाकडी घोडा, कोरा कॅनव्हास, रंग आणि फुलांचा एक गडू मांडून ठेवला होता. आमचं चित्र समोरच्या भिंतीवर एकटंच टांगलं होतं. पाठमोरी शेवंती लांबून ओळखू येत होती. आई पहिल्या रांगेत बसली, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मामा.

तेंडोलकर शब्दाला जागले. त्यांनी सगळं सांगितलं. गडूवरचा पांढरा ठिपका सांगितला, प्राचार्यांच्या खोलीतल्या खुर्च्या सांगितल्या, आणि ‘मला ते आवडलं होतं’ हे वाक्यसुद्धा गाळलं नाही. शेवटी चित्राकडे बोट करून म्हणाले, "आणि यातली सगळ्यांत चांगली तीन फुलं आजही माझी नाहीत. ती राजमती चौगुले यांची आहेत. त्या इथं बसल्या आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. आईनं पदर सावरला आणि मामाकडे पाहिलं. तिचा चेहरा त्या क्षणी जसा दिसला तसा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

मामाही उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग खाली वाकून तो आईच्या कानाशी म्हणाला, "लई मोठ्या मनाचा माणूस गं! एका विद्यार्थिनीची अब्रू राखायला एवढं खोटं अंगावर घेतलं. अप्पा असते तर पाया पडले असते त्यांच्या."

आई त्याच्याकडे बघतच राहिली.

मला वाटलं, मामाच तसा, अडाणी. पण मग लोक जवळ येऊ लागले. "भाग्यवान आहात ताई," एक जण म्हणाले, "असा गुरू लाभायला पुण्याई लागते." पेपरवाल्या तरुण मुलीनं वही काढून विचारलं, "सरांनी तुम्हाला इतक्या वर्षांनी आठवणीनं बोलावलं, काय वाटतंय?" मी मध्ये पडून म्हणाले, "अहो, फुलं खरंच आईनं काढलीत. मी होते तिथं. आमच्या घरी काढली." ती मुलगी माझ्याकडे बघून गोड हसली. आपल्या आईविषयी कुणालाही असंच वाटतं, असं ते हसू होतं.

तेंडोलकरांच्या कानावर हे सगळं पडत होतं. "मोठेपणा नाही हो हा!" ते म्हणाले. "मी खरं सांगतोय." लोक आणखी भारावले. कुणीतरी म्हणालं, "बघा, श्रेय घ्यायलासुद्धा तयार नाहीत." ते ओरडले, "कळत कसं नाही तुम्हाला?" त्यावर हशा पिकला. सर विक्षिप्त म्हणून प्रसिद्धच होते. ज्या माणसाचं मौन लोकांनी एकेकाळी चटकन खरं मानलं, त्याचं बोलणं आता कुणी मानायला तयार नव्हतं.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले, मांडून ठेवलेल्या कॅनव्हासजवळचा ब्रश उचलला आणि आईपुढे धरला.

"राजमती, या. इथं बसा. काढून दाखवा यांना."

लोकांनी आपोआप गोल केला. पुढच्यांनी खुर्च्या वळवून घेतल्या. गडूतली फुलं ताजी होती, दिवा बरोबर त्यांच्यावर होता. आई जागची हलली नाही.

मला राहवेना. सगळ्यांची तोंडं एका फटक्यात बंद होतील, मामाचं, त्या पोरीचं, सगळ्यांचं, असंच माझ्या मनात होतं. मी तिच्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, "जा ना आई. दाखव त्यांना."

आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग ती तेंडोलकरांना म्हणाली, इतक्या हळू, की आम्हा दोघांशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल, "सर, तेव्हा तुम्ही गप बसलासा. आज बोललासा. परीक्षा दोन्ही वेळेला मलाच काय?"

ब्रश त्यांच्या हातात तसाच राहिला. लोकांनी थोडी वाट पाहिली. मग मागून कुणीतरी समजुतीनं म्हणालं, "राहू द्या सर, बाई घाबरल्यात." गोल मोडला. जणू त्या वाक्यानं सगळं गणित सुटलं होतं.

तेंडोलकर प्रात्यक्षिकाच्या स्टुलावर बसले आणि रडू लागले. सर भावनावश झाले म्हणून लोकांनी त्यांच्याभोवती अंतर ठेवलं. शेवटी त्यांच्याजवळ गेली ती आईच. तिनं पाणी मागवलं, ग्लास त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या. उगं रडू नका."

"मी काय करू आता, राजमती? सांगा. तुम्ही सांगाल ते करतो."

"काय करू नका."

"मग हे असंच राहायचं?"

"व्हय," आई म्हणाली. "तुमच्याजवळ राहू दे. ते हलकं करायला तुम्ही माझ्याकडं येतासा, आणि मग मलाच उचलावं लागतंय. मला आता न्हाई उचलत, सर."

हे ती रागानं बोलली नाही. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत ती शेजारी थांबली, रिकामा ग्लास परत घेतला, आणि ‘येतो’ म्हणून निघाली.

मामा त्याच्या त्याच्या गाडीनं गेला. आम्ही माझ्या मारुतीनं जयसिंगपूरला निघालो. हातकणंगलेपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते: मामाला, त्या पेपरवालीला, ज्यांना समोरचं दिसत नाही अशा त्या शिकल्यासवरल्या मंडळींना. शेवटी मी ते मोठ्यानंही बोलले. म्हणाले, "आई, तू बसली असतीस तर बरं झालं असतं. एकदाची खात्री झाली असती सगळ्यांची. डोळ्यांनी बघितल्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत."

आई खिडकीतून बाहेर उसाच्या रानाकडे बघत होती. तशीच बघत राहिली.

"तू तर बघितलं होतंस की, त्रिशला," ती म्हणाली. "तरी ‘दाखव’ म्हणालीस."